पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या

कौलारू घर म्हटलं की सगळे गळक्या कौलांकडे बघतात. जोत्याकडे कुणाचं लक्ष नसतं. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे १,००० लिटर पाणी वळचणीखाली उतरतं, आणि कोकणात एवढा पाऊस तासाभरातही होतो. ते पाणी जमिनीवर आपटून चिखलासकट भिंतीवर उडतं, जोत्याशी मुरतं, मग भिंतीला ओल धरते.

म्हणून मे महिन्यातच पागोळ्यांच्या रेषेत हातभर रुंद पट्टा खडीने भरा. रेष कुठली हे मोजायला नको, गेल्या पावसाची चरी मातीत दिसतेच. जोत्यापासून बाहेर जमिनीला उतार द्या. मीटरला दोन-तीन सेंटिमीटर पुरे. तिथे कोबा करायची घाई नको, कोब्यावरून पाणी उलट जास्त उडतं. पन्हळ असेल तर पालापाचोळा आधी काढा, घराला लागून आंबा-फणस असेल तर जुलैत पुन्हा एकदा. चर काढताना त्याचं तोंड विहिरीकडे नको, आणि शेजाऱ्याच्या परसाकडे तर मुळीच नको. गावातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.