मालकी जंगल उक्ते विकण्यापूर्वी त्याचा हिशेब कसा मांडावा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बरेचसे जंगल खासगी मालकीचे असून त्याचा व्यवहार बहुधा उक्ता होतो: व्यापारी नजरेनेच अंदाज बांधतो, एकरकमी आकडा सांगतो आणि सगळा डोंगर मोकळा करतो. विकसनशील देशांतील खेड्यांना जंगल जे देते त्यातले पुष्कळसे घरातच खपते, म्हणून ते कोणत्याच जमाखर्चात दिसत नाही. जगात तुटणाऱ्या लाकडापैकी सुमारे निम्मे तर सरपण म्हणूनच जळते. तेव्हा बोलणी करण्यापूर्वी हा जमाखर्च स्वतः लिहून काढावा.

प्रथम सातबारा पाहावा. सामायिक नावे किती आहेत आणि इतर हक्कांत १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद आहे का, हे आधी तपासावे.

मग ऐन, किंजळ, साग, खैर अशी जातवार झाडे मोजून छातीच्या उंचीवरचा घेर वहीत लिहावा. दर मात्र उभ्या झाडावर ठरवू नये, तोडलेल्या ओंडक्याच्या मापावर ठरवावा. ओंडक्याच्या मध्यावरील घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि लांबीने गुणावे: घेर ४ फूट व लांबी १० फूट असल्यास १० घनफूट भरतात. या रीतीने लाकूड प्रत्यक्षापेक्षा सुमारे एकपंचमांश कमी मोजले जाते, हे दर ठरवताना ध्यानात ठेवावे.

वहीची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, तोडलेली कवळ (पालेदार डहाळ्या), वर्षभराचे सरपण, रातांबे, शिकेकाई, हिरडा आणि सुरंगीचे कळे यांची बाजारभावाने किंमत लावावी. हे उत्पन्न दरवर्षी येते, लाकडाचे मात्र एकदाच. माझ्या मते हा स्तंभ भरल्याशिवाय कोणीही सही करू नये.

तोड करायचीच असेल, तर पक्व झाडे निवडून, १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे लागणारी परवानगी घेऊनच करावी. ऐन-किंजळाचे खोड जमिनीलगत तिरके कापावे, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजत नाही आणि फुटवे जोमाने येतात. मोकळ्या कडेला माणगा बांबू लावावा: २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळल्यामुळे वनक्षेत्राबाहेर त्याच्या तोडीला वन कायद्याचा परवाना लागत नाही. बेटातील तीन वर्षांवरच्या काठ्या पावसाळा संपल्यावर काढाव्यात आणि त्या वर्षीचे कोंब अजिबात तोडू नयेत.