सायलेन्सरमधला खडखडणारा बॅफल कसा बसवायचा

बॅफल म्हणजे सायलेन्सरच्या आत आवाज दाबणारी नळी किंवा पट्टी. खडखड आतूनच येतेय याची आधी खात्री करा. सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. बऱ्याचदा दोष सैल क्लॅम्पचा किंवा वरच्या पत्र्याच्या स्क्रूचा निघतो आणि उगाच सगळं उघडलं जातं.

बॅफल बाहेर काढता येणारा असेल तर मागच्या टोकाजवळचा बोल्ट काढा. तो गंजलेला असतोच. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, नाहीतर डोकं तुटून हातात येईल. मग बॅफल लॉकिंग पक्कडीने धरून थोडा फिरवत ओढा.

बॅफलचा तडा बहुतेक वेळा जुन्या वेल्डच्या कडेलाच असतो. काजळी आणि गंज घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करा, कारण कार्बनवर वेल्ड धरत नाही. स्टेनलेसला फिलरही (वेल्डमध्ये भरायची तार) स्टेनलेसचाच हवा.

बॅफल बाहेर निघत नाही असा बंद सायलेन्सर असेल तर तो गाडीवरून उतरवा. बॅफलच्या सैल पट्टीच्या कडेवर नेमकं बाहेरच्या पत्र्याला ६ मिमीचं भोक पाडा, पट्टी भोकाशी टेकवून तिथेच वेल्डने भरा. पट्टी टेकली नाही, तर फक्त भोक बुजेल आणि खडखड कायम राहील. आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची) जाळी फुटली असेल तर वेल्डिंगचा उपयोग नाही. तो भाग बदला.

परत बसवताना गॅस्केट नवी घ्या. सगळे नट आधी हाताने लावा, इंजिनाकडचे आवळा, ब्रॅकेट शेवटी. उलट केलं की पाइप ताणात राहतो आणि तडा पुन्हा जातो.