जुनं युफोनियम घेताना आणि विकताना

युफोनियम म्हणजे ब्रास बँडमधलं मोठं पितळी फुंकवाद्य, आणि त्याचा बाहेरचा चकचकीतपणा किमतीच्या बाबतीत सगळ्यात फसवा. वाद्य वाजतं कसं हे ठरतं पिस्टन (व्हॉल्व्हमध्ये बोटाने दाबल्यावर वर-खाली सरकणारी नळकांडी) आणि त्यांच्या केसिंगमधल्या, म्हणजे बाहेरच्या कवचामधल्या, फटीवर, आणि ती फट फोटोत दिसत नाही. त्यामुळे तपासणीचा क्रम असा ठेवा: आधी वाद्य नेमकं कोणतं ते ओळखा, मग व्हॉल्व्ह, मग नळ्या, आणि पॉलिश अगदी शेवटी.

जाहिरातींत बॅरिटोन आणि युफोनियम ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली असतात. ब्रिटिश पद्धतीच्या बॅरिटोनची नळी अरुंद आणि बरीचशी एकसारख्या जाडीची असते, तर युफोनियमची नळी हळूहळू रुंदावत जाते. दोन्ही बी-फ्लॅटमध्ये असले तरी आवाज वेगळा, म्हणून नावावर न जाता बाजूने काढलेला फोटो मागवा.

त्यानंतर व्हॉल्व्ह मोजा. तीन व्हॉल्व्हचं वाद्य शिकायला पुरतं. चार व्हॉल्व्हचं असेल तर चौथा कुठे आहे ते पाहा. यामाहा वायईपी-321 सारख्या वाद्यात चारही व्हॉल्व्ह एका ओळीत असतात आणि ते कॉम्पेन्सेटिंग (खालचे स्वर सुरात आणणाऱ्या जादा नळ्यांचं) नसतं. बेसन कंपनीची 967 आणि 968 किंवा यामाहा 642 यांत तीन व्हॉल्व्ह वर आणि चौथा बाजूला, डाव्या हाताखाली असतो, आणि ही वाद्यं कॉम्पेन्सेटिंग असतात. पण चौथा व्हॉल्व्ह बाजूला असला म्हणजे कॉम्पेन्सेटिंग असेलच, असं धरून चालू नका. व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला लहान जादा नळ्यांची वेटोळी दिसायला हवीत. चौथा दाबल्यावर हवा याच नळ्यांतून पुन्हा फिरते आणि खालचे स्वर सुरात येतात. ही रचना ब्रिटिश वाद्यतज्ज्ञ डेव्हिड ब्लेकली यांनी 1870 च्या दशकात केली. वाजवून खात्री करायची तर चारही व्हॉल्व्ह दाबून पेडल बी-फ्लॅटच्या (व्हॉल्व्ह न दाबता निघणाऱ्या सगळ्यात खालच्या स्वराच्या) लगेच वरचा बी नॅचरल काढा. कॉम्पेन्सेटिंग नसलेल्या चार व्हॉल्व्हच्या वाद्यात तो सुरात मिळत नाही, कारण तेवढी नळीच नसते.

माउथपीसची शँक (त्याचं वाद्यात घालायचं टोक) विचारल्याशिवाय सौदा पक्का करू नका. लहान, मधली (हिलाच युरोपियन म्हणतात) आणि मोठी असे तीन आकार आहेत. माउथपीस साधारण 2 ते 2.5 सेंमी आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. डुगडुगत असेल किंवा टोकालाच अडत असेल तर आकार चुकलेला आहे. बऱ्याच जुन्या बेसनना मधली शँक लागते आणि तिला माउथपीस कमी मिळतात, तेव्हा विक्रेत्याने सोबत दिला तर तो सोडू नका.

ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रास बँड 'हाय पिच'वर, म्हणजे ए हा स्वर साधारण 452 हर्ट्झ धरून वाजवत. तसं वाद्य आजच्या 440 पेक्षा जवळजवळ पाव स्वराने चढं असतं. मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सूर लावायला आत-बाहेर सरकवायची नळी) पूर्ण ओढूनही सूर चढाच राहिला तर शंका घ्या. नुसती मुख्य स्लाइड लांब करून काम भागत नाही, कारण व्हॉल्व्हच्या नळ्याही त्याच प्रमाणात लांब कराव्या लागतात. शोभेला ठीक, बँडमध्ये बसून वाजवायला नाही.

आता व्हॉल्व्ह. इथे घाई करू नका. प्रत्येक पिस्टन काढा (क्रमांक कोरलेला असतो, तो लक्षात ठेवा), कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरा. उभे बारीक ओरखडे चालतात. मुलामा उडून खालचं पितळ दिसत असेल, किंवा खड्डे पडले असतील, तर झीज झाली आहे आणि तिथून हवा गळते. जाड तेल घातलं की ही गळती काही काळ लपते, म्हणून पुसल्यावर स्वतःचं पातळ तेल घालूनच पुढची परीक्षा करा.

ही परीक्षा एकेका व्हॉल्व्हची करा: त्याची स्लाइड ग्रीस लावून बसवा, व्हॉल्व्ह न दाबता स्लाइड 2 ते 3 सेंमी बाहेर ओढा, पाच-सहा सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉक' असा ठळक आवाज आला तर सील चांगलं आहे. आवाज मऊ असेल किंवा येतच नसेल तर हवा निसटते आहे. पण स्लाइडच सैल असेल तर दोष तिचा, आणि काही वाद्यांच्या पिस्टनला हवा सोडायचं छिद्र मुद्दाम पाडलेलं असतं, तिथे ही परीक्षा लागू पडत नाही. चौथा व्हॉल्व्हही याच पद्धतीने पाहा. तो कमी वापरला जातो, त्यामुळे मळ धरून अडकतो.

व्हॉल्व्ह हळू परत येत असेल तर लगेच नाकारू नका. मळ, थकलेली स्प्रिंग, चुकीच्या जागी बसलेला गाइड (पिस्टन फिरू न देणारा तुकडा) किंवा वाकलेला दांडा ही कारणं किरकोळ आहेत. केसिंगला पोचा पडला असेल तर मात्र प्रकरण गंभीर. पिस्टन कधीही पॉलिश पेपरने घासू नका, घासून तो मोकळा होतो पण सील कायमचं जातं. पिस्टनना पुन्हा मुलामा देऊन केसिंगमध्ये बसवून घेणं महाग काम आहे, आणि साध्या वाद्याच्या बाबतीत त्याचा खर्च वाद्याच्या किमतीपुढे जाऊ शकतो.

नळ्यांमध्ये आधी लीडपाइप, म्हणजे माउथपीस बसतो ती पहिली नळी, पाहा. पितळातलं जस्त निघून गेलं की गुलाबी ठिपके येतात, मध्यभागी गडद. याला रेड रॉट म्हणतात. पॉलिशने तो जात नाही, नळी बदलावी लागते. बेलवरचा (वाद्याच्या रुंद तोंडावरचा) पोचा दिसायला वाईट, पण दुरुस्तीला सोपा. लीडपाइपवर किंवा व्हॉल्व्हजवळच्या नळीत पडलेला पोचा हा खरा त्रास. आधारपट्ट्यांचे डाख सुटले आहेत का, प्रत्येक स्लाइड हाताने निघते का, हेही पाहा. न निघणारी स्लाइड पकडीने खेचू नका, ती कारागिराकडे जाऊ द्या. नक्षी किंवा शिक्का पुसट, कडा गोलसर दिसल्या तर वाद्य घासून पुन्हा लॅकर (पारदर्शक लेप) केलं असावं, म्हणजे धातू पातळ झालेला. चांदीवरचा काळपटपणा हा दोष नाही.

शेवटी ट्यूनर लावून वाजवा. मुख्य स्लाइड 1 ते 2 सेंमी बाहेर असताना बी-फ्लॅट सुरात आला पाहिजे. वरचा एफ थोडा चढा निघणं हे अनेक कॉम्पेन्सेटिंग वाद्यांचं स्वभाववैशिष्ट्य आहे, त्यावरून भाव पाडू नका. डी थोडा उतरा निघेल, तेही अपेक्षित. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर न तोडलेला व्हिडिओ मागवा, काही दिवस वाजवून पाहायची मुभा घ्या, आणि परत पाठवायचा खर्च कोणाचा ते आधी लिहून घ्या. अनुक्रमांक बहुधा व्हॉल्व्ह केसिंगवर असतो. तो खरवडलेला असेल तर व्यवहार सोडून द्या.

विकणाऱ्याने नेमकं हेच दाखवायचं: अनुक्रमांक, बाहेर काढलेले चारही पिस्टन, लीडपाइप, शँकचं तोंड, आणि पोचे तिरप्या उजेडात. लपवलेला पोचा खरेदीदाराला नंतर सापडतोच, आणि मग किंमत पोच्यापेक्षा जास्त उतरते. विक्रीआधी पिस्टन आणि त्यांचे फेल्ट (नमद्याच्या चकत्या) काढून ठेवा, वाद्य कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, लवचिक ब्रश नळ्यांतून फिरवा. गरम पाण्याने लॅकर सुटू शकतं. पोचे स्वतः काढायला जाऊ नका.

पाठवताना माउथपीस केसमधून पूर्ण बाहेर काढून वेगळा बांधा, कारण आत सैल पडलेला माउथपीस हाच प्रवासातल्या पोच्यांचा मोठा कारखाना असतो. बेलच्या आत आणि वाद्याभोवती इतकं भरा की केस हलवली तरी काही सरकणार नाही. झाकणाचा दाब व्हॉल्व्हच्या बटणांवर येत नाही ना, ते पाहा. मग केस मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी 5 ते 8 सेंमी गादी ठेवून. व्हॉल्व्हचं तेल ज्वालाग्राही असतं, त्याची बाटली पार्सलमध्ये घालू नका.