सोलापुरात बसून इचलकरंजीला सॉफ्टवेअर विकायचं, तर वेबसाइट कशी लिहावी

सोलापुरात एकट्यानं सॉफ्टवेअर करणाऱ्याला पहिली गिऱ्हाइकं ओळखीतून मिळतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराला तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम पसंत पडला, की तो शेजारच्या दोघांना सांगतो. पण तोच प्रोग्रॅम इचलकरंजी, मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागधारकांच्याही कामाचा असतो, आणि तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. कारखान्याच्या ऑफिसात बसून तुम्ही जे समजावून सांगता, ते तिथं वेबसाइटनं सांगायला हवं. ‘दर्जेदार आयटी सोल्युशन्स’ असं लिहिलेल्या पानाकडून ते होत नाही, कारण समोर बसलेल्या कारखानदाराशी तुम्ही कधीच असं बोलत नाही.

आधी वही

डोमेन, डिझाइन, रंग हे सगळं नंतर. पुढच्या काही भेटींत समोरचा माणूस जे विचारेल, ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. “जॉबला (म्हणजे बाहेरच्या कारागिराकडे मजुरीवर कामाला) दिलेलं सूत किती परत आलं, ते एका जागी दिसतं का?” “नेट बंद असलं तर बिल निघतं का?” “दिवाणजी सोडून गेला तर नव्या माणसाला किती दिवसांत जमेल?” “टॅलीत नोंदी जातात का?” तीन-चार भेटींत तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात. जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची पानं करायची.

एका अडचणीला एक पान

सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. गूगल शोधणाऱ्यापुढे अख्खी वेबसाइट ठेवत नाही, एकेक पान ठेवतं. पंधरा सुविधांची यादी एकाच पानावर कोंबली, तर ते पान कुठल्याच प्रश्नाचं नीट उत्तर होत नाही.

जॉब वर्कचंच घ्या. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबला पाठवलेला कच्चा माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो, किंवा जॉबवाल्याच्या जागेवरून विकला जावा लागतो. तसं झालं नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. या मालाचा हिशेब आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये द्यायचा असतो. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर तो सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा.

हा नियम पानावर आधी सरळ मराठीत समजावून सांगा. मग तुमच्या प्रोग्रॅममध्ये वर्ष पूर्ण होत आलेली चलनं कशी दिसतात, ते स्क्रीनच्या चित्रासह दाखवा. डाउनलोडचं बटण त्यानंतर. एखाद्या कर सल्लागारानं आपल्या पक्षकाराला व्हॉट्सॲपवर पाठवावं, इतकं ते पान नेमकं झालं पाहिजे. जो आज विकत घेणार नाही, त्यालाही त्यातून काहीतरी मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पानाचा टायटल टॅगही, म्हणजे गूगलच्या शोधात दिसणारं पानाचं शीर्षक, त्याच अडचणीचा असू द्या: ‘यंत्रमाग जॉब वर्क: सुताचा हिशेब आणि आयटीसी-०४’. प्रत्येक पानाला वेगळं टायटल द्या. टायटलखालचं वर्णन माणसानं वाचण्यासाठी लिहा, कारण शोधात ते बरेचदा दिसतं. कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी, मात्र भरत बसू नका. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलनं २००९ मध्येच सांगितलं आहे.

स्क्रीनच्या चित्रांत ‘एबीसी ट्रेडर्स’ आणि ‘आयटम १’ नको. सुताचा काउंट, बीमचा नंबर, टॉवेलचं वजन अशा नोंदी दिसल्या, की हा माणूस कारखान्यात जाऊन आलाय हे बघणाऱ्याला कळतं. खऱ्या गिऱ्हाइकाची खातेवही मात्र चित्रात कधीही नको.

आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे कितीतरी कारखानदार आहेत. तेलुगू, कन्नड किंवा हिंदी पान करायचं असेल, तर त्याला स्वतंत्र पत्ता द्या आणि ती भाषा रोज बोलणाऱ्याकडून वाचून घ्या. मशिनी भाषांतरात धंद्यातले शब्द हमखास बिघडतात.

डाउनलोड आणि किंमत

डाउनलोडआधी मोबाइल नंबर मागू नका. परक्या गावच्या माणसाला आधी वापरून बघायचं असतं.

ट्रायल किती दिवसांची द्यायची, ते गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरवरून ठरवा. मासिक रिटर्न भरणाऱ्याचा जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला असतो आणि जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) साधारण २० तारखेला. म्हणजे १ तारखेपासून नोंदी घालणाऱ्याला पूर्ण फेरा बघायला ५० दिवस लागतात. पंधरा दिवसांच्या ट्रायलमध्ये तुमच्या प्रोग्रॅमचं सगळ्यात उपयोगी काम त्याला दिसतच नाही. साठ दिवस द्या.

विंडोजवर डिजिटल सही नसलेली डाउनलोड केलेली फाइल उघडली, की स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या सुरक्षा सोयीची इशारा देणारी निळी चौकट येते आणि नवखा माणूस तिथंच थांबतो. त्यासाठी कोड साइनिंग सर्टिफिकेट, म्हणजे प्रोग्रॅमवर तुमच्या नावाची डिजिटल सही करायचा दाखला, घ्या. जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणात ठेवावी लागते, तो खर्च आधीच धरा. सर्टिफिकेट घेतल्यावरही चौकट लगेच थांबेल असं नाही, फाइलवर विश्वास बसायला वेळ लागतो. म्हणून ही चौकट का येते आणि सहीत कुणाचं नाव दिसलं पाहिजे, हे डाउनलोडच्या पानावर चित्रासह लिहा.

किंमत पानावर लिहाच. १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, किती कॉम्प्युटरवर चालेल, दुसऱ्या वर्षी किती भरायचे, आणि पैसे भरले नाहीत तर जुना डेटा उघडेल की नाही. हा शेवटचा प्रश्न फार कमी लोक तोंडावर विचारतात, पण मनात तो सगळ्यांच्या असतो. डेटा उघडाच राहील, असं लिहा आणि प्रोग्रॅमही तसाच ठेवा.

‘आमच्याविषयी’मध्ये सोलापूरचा पत्ता, तुमचं नाव, फोटो आणि फोन कधी उचलता ती वेळ एवढं पुरे.

पान लोकांपर्यंत नेणं

तुमचं पान शोधात कुठं आणि कुठल्या शब्दांवर दिसतं ते सांगणारं गूगलचं सर्च कन्सोल मोफत आहे. तिथं वेबसाइटची मालकी सिद्ध करा आणि साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, द्या. पेजस्पीड इन्साइट्स या गूगलच्या साधनावर मोबाइलवर पान उघडायचा वेग बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, आणि नाही दिसला तर आधी चित्रांचा आकार कमी करा. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, सोलापुरातल्या गिऱ्हाइकांसाठी करून ठेवा.

क्रमवारी वाढवायला दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका विकत घेऊ नका, ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. त्यापेक्षा इचलकरंजी-मालेगावच्या कर सल्लागारांना आणि सूत व्यापाऱ्यांना जॉब वर्कचं ते एकच पान पाठवा, मुख्य पान नको.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमधली शब्दांची यादी वाचा. पान दिसतंय पण कुणी उघडत नाही, तिथं टायटल बदला. ज्या शब्दांसाठी तुमच्याकडे पानच नाही, ते वहीत घ्या. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलेही तिथं सापडतील.

कायदा बदलला, की त्याच आठवड्यात पान बदला. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाची) उलाढालीची मर्यादा १० कोटींवरून ५ कोटींवर आली. तुमच्या पानावर अजून १० कोटी असेल, तर ते वाचून कुणीतरी चुकीचं बिल काढेल. म्हणून नियम सांगणाऱ्या प्रत्येक पानावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख टाका आणि ही पानं कोणकोणती, याची यादी वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.