‘दुखंना की’ म्हणणाऱ्या पायांसाठी

लातूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ड्रेसिंगच्या टेबलापाशी माझी २७ वर्षं गेली. पाय वर ठेवताना जो माणूस ओरडायचा, "शिष्टर, हळू, लई ठणकूलालंय," त्याची मला फार काळजी नसायची. हात थबकायचा तो दुसऱ्या वाक्याला. "दुखंना की हो. पोरानं बळंच आणलं." असं म्हणत कुणी पट्टी सोडायला पाय पुढं केला की मी आधी विचारायचे, शुगर किती वर्षांची?

हे सगळं कळत असूनही माझ्याच घरात चूक झाली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जिल्हा परिषदेचे निवृत्त मास्तर. १४ वर्षांची शुगर. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा त्यांचा नेम. त्या वर्षी परत आले, दोन दिवस झोपले, मग रोजच्यासारखे पारावर जाऊ लागले. पंधरा दिवसांनी मी सकाळी ओसरी झाडत होते, तर शहाबादी फरशीवर एका रांगेत ओलसर गोल डाग दिसले, पावलापावलावर एक. त्यांना मुंग्या लागल्या होत्या. डागांच्या मागं मागं गेले, तर थेट दादांच्या खुर्चीपाशी पोचले.

सर्जननी अंगठ्याखालचा घट्टा पाहिला. कडक, पिवळट, आणि मधोमध तिळाएवढा काळा ठिपका. त्यांनी ब्लेडनं घट्ट्याचे पापुद्रे काढायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या पापुद्र्याला पू उसळला आणि आतून बाभळीच्या काट्याचं टोक निघालं. त्याच वेळी दादा मला विचारत होते, "सोयाबीनचा भाव काय निघाला गं आज?" एवढं चिरताना माणसाला सोयाबीन सुचतं, यावरून आम्हाला सगळ्यांना काय ते कळलं. जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं.

म्हणून पायांच्या काळजीबद्दल लिहिताना शुगरवाल्यांचं आधी आणि जास्त लिहिते.

वाढलेली साखर वर्षानुवर्षं राहिली की पायाच्या नसा मरत जातात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, गादीवर चालल्यासारखं वाटतं. नंतर ही आग आपोआप थांबते. तेव्हा लोक म्हणतात, फरक पडला. फरक कसला, नस गेली. त्याच नसांमुळे पायाला घाम यायचाही थांबतो, कातडं कोरडं पडतं आणि भेगाळतं. जोडीला पायाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळं जखम भरायला रक्त कमी पडतं. तंबाखू-बिडी असेल तर हे आणखी लवकर होतं.

नस शाबूत आहे का, हे घरी बघता येतं. माणसाला आडवं करा, डोळे मिटायला सांगा. तुमच्या बोटाच्या टोकानं त्याच्या पायाच्या अंगठ्याचं, मधल्या बोटाचं आणि करंगळीचं टोक अलगद शिवा. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं. दाबू नका, ढोसू नका, सेकंद-दीड सेकंद नुसतं टेकवा. स्पर्श कळला की त्यानं डावा का उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायांतली जाणीव कमी झाली आहे असं धरा आणि डॉक्टरकडं जा. ते नायलॉनची एक बारीक तार तळव्याला टेकवून ती वाकेपर्यंत दाबतात. १० ग्रॅमचा दाब असतो तो. शिवाय घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून दोन्हींचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली आलं तर पायाकडं रक्त कमी जातंय असं समजतात.

रोज रात्री, हातपाय धुतल्यावर, पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर फरशीवर आरसा ठेवा, किंवा नातवाला बघायला लावा. पोरांना बारीक दिसतं. बोटांच्या बेचक्या उघडून बघा. घट्ट्यात काळा किंवा लाल ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय, म्हणजे खाली जखम आहे असंच समजा. दोन्ही पायांना हाताची पालथी बाजू लावा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल तर ती धोक्याची खूण आहे. शुगरवाल्याचा पाय लाल, गरम, सुजलेला आणि तरी न दुखणारा असेल, वर जखमही नसेल, तर आतली हाडं खचत असू शकतात. अशा पायावर चालत राहिलं तर पावलाचा आकारच बिघडतो. त्यावर शेक नको, मालिश नको. पाय टेकवू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

गरम पाण्यात पाय बुडवून बसणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. शुगरवाल्यांनी तो सोडा. पाणी किती कढत आहे हे त्या पायाला कळतच नाही. एक मावशी शेकल्याचे फोड घेऊन आल्या, आणि पाणी ‘कोमटच होतं’ म्हणून माझ्याशी भांडल्या. आंघोळीच्या पाण्यातसुद्धा आधी कोपर घालून बघा. कातड्याला तेल किंवा व्हॅसलिन लावा, पण बेचक्यात लावू नका. तिथं ओल राहिली की बुरशी होते. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका, बुटात हात फिरवा. खडा, खिळ्याचं टोक, एकदा तर माझ्या हाताला नातवाची गोटी लागली होती. चप्पल विकत घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय फुगलेले असतात. आणि देवाधर्माचं म्हणाल तर नवरात्र अनवाणी धरायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. दादा आता तुळजापूरला एसटीनं जातात. देवीनं अजून काही तक्रार केलेली नाही.

शुगर नसलेल्यांचे पाय आता.

भेगा थंडीत आणि उन्हाळ्यात सगळ्यांनाच पडतात. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा, वजरीनं हलकं घासा, पुसा आणि ओलसर असतानाच जाड थर लावा: व्हॅसलिन, आमसुलाचं तेल, किंवा मेडिकलमधलं युरिया असलेलं मलम. वर सुती मोजे घालून झोपा. आठ-दहा दिवसांत टाच मऊ पडते. बिब्बा मात्र लावू नका. भेगेत, कुरुपावर, काट्याच्या जागी बिब्ब्याचं तेल लावून भाजलेले पाय मी पोत्यानं पाहिलेत. मूळ भेग दोन सुतांची, आणि बिब्ब्याचा फोड तळहाताएवढा. भेगेतून रक्त येत असेल, पू येत असेल किंवा खाज सुटून तळवाभर पापुद्रे निघत असतील तर कातड्याच्या डॉक्टरांना दाखवा, ते सोरायसिस किंवा इसब असू शकतं.

चिखल्या. खुरपणीच्या दिवसांत आमच्या ओपीडीत बायांची रांग लागायची. दिवसभर ओल्या काळ्या रानात पाय, त्यामुळं बेचक्या पांढऱ्याफेक पडून सोलतात. बेचकी कोरडी ठेवणं हे अर्धं औषध आहे; फडक्यानं बोट-बोट पुसायचं. बुरशीचं साधं मलम, क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन, बरं वाटल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं. मेडिकलवाला देतो ती ‘तीन औषधं एकत्र’ असलेली ट्यूब घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी आतल्या आत पसरते. पाऊल लाल होऊन सूज वर चढायला लागली, जांघेत गाठ आली, थंडी वाजून ताप आला, तर चिखलीच्या चिरेतून जंतू आत शिरलेत. मलम बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

कुरूप म्हणजे चप्पल जिथं घासते किंवा हाड जिथं दाबतं तिथं कातड्यानं बांधलेला बांध. दाब काढला तरच ते जातं, नुसतं कापून पुन्हा येतं. थेट वरून दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं आणि घासल्यावर बारीक काळे ठिपके दिसतात तो बहुधा चामखीळ, आणि तो विषाणूचा असतो. पानपट्टीवरच्या ब्लेडनं घरी कापायचं नाही. कुरुपावर चिकटवायच्या पट्टीत, म्हणजे कॉर्न कॅपमध्ये, आम्ल असतं, ते भोवतालचं चांगलं कातडंही जाळतं, म्हणून शुगर असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

नखं सरळ आडवी कापा, कोपरे गोल कोरू नका. कोरलेला कोपरा वाढताना मांसात घुसतो, आणि मग नखुरडं. नुसतं लाल असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून आठवडा बघा. पू झाला तर दाभणानं उकरू नका.

काटा मोडला तर दिसेल तेवढाच, उकळून घेतलेल्या चिमट्यानं काढा. रुईचा चीक, तंबाखू, चुना काही भरू नका. धुवा, कोरडं करा, झाका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांच्या वर झाली असतील तर परत घ्या. एक गोष्ट रानात राबणाऱ्यांनी खास ध्यानात ठेवावी. काटा लागून कैक महिने झाले, मग पाऊल हळूहळू टणक सुजलं, दुखणं नाही, आणि बारीक बारीक छिद्रांतून राईसारखे काळे किंवा पिवळट कण येतात, असं झालं तर तो ‘मदुरा फूट’ असू शकतो. मदुराईच्या नावावरून पडलेलं हे नाव. तो आजार हाडापर्यंत जातो, आणि जितका लवकर धरला तितकं कमी कापावं लागतं.

टाचदुखीचा अनुभव माझा स्वतःचा आहे. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं खिळ्यावर टाकल्यासारखी, मग मोकळं, आणि संध्याकाळी पुन्हा. चार महिने मी मेडिकलच्या गोळ्या खाल्ल्या. मला, शिष्टरला, कोण सांगणार? शेवटी फिजिओथेरपिस्ट मुलीनं उठायच्या आधी पलंगावरच ओढणी तळव्यात अडकवून बोटं स्वतःकडं ओढायला लावली. ३० सेकंद धरायचं, तीन वेळा. फ्रिजमधली पाण्याची बाटली आडवी टाकून तिच्यावर तळवा घोळवायचा. आणि घरात फरशीवर अनवाणी फिरायचं नाही, मऊ तळाची चप्पल. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ते न दुखणाऱ्यांच्याही टाचेत असतं. हे दुखणं बहुतेकांचं महिन्यांनी का होईना जातं. सहा-आठ आठवडे व्यायाम करूनही काडीचा फरक नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा पाऊल टेकवताच येत नसेल, तर हाडाच्या डॉक्टरकडं जा. एका रात्रीत अंगठ्याचा सांधा लालभडक होऊन चादरसुद्धा सहन होत नसेल तर युरिक ॲसिड तपासून घ्या.

पाय बधीर आहे पण शुगर नाही, असं निघालं की आमचे जुने डॉक्टर अंगभर चट्टे शोधायचे. फिकट, न खाजणारा, बधीर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी पाय बधिरतात.

पोडियाट्रिस्ट म्हणजे फक्त पावलांचा तज्ज्ञ. परदेशात त्याचं वेगळं शिक्षण असतं, आपल्याकडं अशी पाटी लातूर-नांदेडला क्वचितच दिसते. मिळाला तर उत्तम. शुगर असेल तर पाय धड असतानाच वर्षातून एकदा दाखवा. जाणीव गेली असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि एकदा जखम होऊन गेली असेल तर त्याहून लवकर. पोडियाट्रिस्ट नसला तर जखमेला सर्जन किंवा डायबेटिक फूटचं क्लिनिक. लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय, इथं सर्जरी, हाडं आणि कातडं यांच्या ओपीडी एकाच आवारात आहेत. शुगरवाल्याची कुठलीही जखम उद्यावर ढकलायची नाही. कुणाच्याही पायाला घाण वास येणं, बोट काळं-निळं पडणं, पाय अचानक गार पडणं, एकाच पोटरीला सूज येऊन दुखणं, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

निघताना पाय धुवा आणि कोरड्या गॉजनं झाका. हळद किंवा रंगीत औषध लावलं तर डॉक्टरला जखमेचा रंग कळत नाही. शुगरचे कागद घ्या, चालू गोळ्यांची पानं घ्या. आणि रोजच्या वापरातली चप्पल पिशवीत टाका, नवी घालून जाऊ नका. दादांच्या जुन्या स्लीपरचा तळ सर्जननी खिडकीपाशी उजेडात धरला होता. अंगठ्याखाली रबर झिजून रुपयाएवढा खळगा पडला होता, घट्टा होता तिथंच.