मुंबई विमानतळावरून पुण्याला मुलांसह जाताना

लहान मूल बरोबर असेल, तर मुंबई विमानतळावरून पुण्यापर्यंतच्या सुमारे 150 किलोमीटरच्या प्रवासासाठी गाडी आदल्या दिवशीच ठरवावी आणि ठरवताना ती सीएनजीवर चालते का, हे आवर्जून विचारावे. कारण अशा अनेक गाड्यांच्या डिकीत सिलिंडर असतो, आणि बाबागाडी व दोन मोठ्या बॅगा तिथे मावत नाहीत.

भाड्याच्या गाडीत बालआसन (लहान मुलांसाठीची चाइल्ड सीट) मिळेल असे गृहीत धरू नये. स्वतःचे आसन विमानातून आणता येते, मात्र ते ज्यांनी बांधायचे ते मागच्या सीटचे पट्टे चालू स्थितीत आहेत आणि कव्हराखाली दडलेले नाहीत, याची खात्री चालकाकडून फोनवरच करून घ्यावी. मांडीवर घेतलेले मूल अचानक ब्रेक लागल्यास हातात धरून ठेवता येत नाही, म्हणून या बाबतीत संकोच मुळीच करू नये. तान्ह्या बाळाचे मागे तोंड असलेले आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीही बसवू नये.

खंडाळ्याच्या घाटात मुलांना उलटी होण्याची शक्यता असते. त्यामुळे घाटापूर्वी पोटभर खाऊ घालणे टाळावे आणि कपड्यांचा एक जोड डिकीत न ठेवता हाताशी ठेवावा.