लाओसच्या राजपुत्रांचा तक्ता एका कागदावर कसा मांडावा

नाशिकच्या अभ्यासिकांत आग्नेय आशियाचा इतिहास करणारी मुलं लाओसपाशी हमखास अडखळतात. नावं एकसारखी वाटतात आणि जो तो राजपुत्र! नोट्स पाठ करण्यापेक्षा ए-थ्री कागद आडवा घ्या. 42 सेंटिमीटरपैकी डावीकडचे 8 नावांना, मधले 30 वर्षांना (1945 ते 1975, वर्षाला एक सेंटिमीटर) आणि उजवीकडचे 4 कोरे ठेवा.

प्रत्येक राजपुत्राला वर्षांवरून जाणारी एक आडवी रंगीत पट्टी द्यायची आहे. पट्ट्या ओढण्याआधी घराणी वेगळी करा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. लुआंग प्रबांग या राजनगरीत राजा सीसवांग वोंग. 1959 नंतर त्याचा मुलगा सवांग वत्थना. त्याच शहरात उपराजाचं, म्हणजे राजाखालोखाल मान असलेल्याचं घराणं. बून खोंग या उपराजाची मुलं म्हणजे फेट्सरत, सुवन्ना फूमा आणि सुफानुवोंग. सुफानुवोंगची आई वेगळी. बून ओम मात्र दक्षिणेकडच्या चंपासाक घराण्यातला. संयुक्त सरकारसाठी झालेल्या 1961-62 च्या वाटाघाटींतले ‘तीन राजपुत्र’ म्हणजे सुवन्ना, सुफानुवोंग आणि बून ओम. त्यांना सर्रास ‘तीन भाऊ’ म्हटलं जातं, ते चूक आहे.

आता रंग. 1945 च्या ऑक्टोबरात लाओ इस्सरा या स्वातंत्र्यवादी चळवळीचं सरकार आलं तेव्हा फेट्सरत, सुवन्ना आणि सुफानुवोंग हे तिघे भाऊ एकाच बाजूला होते, म्हणून तिघांच्या पट्ट्या एकाच रंगात सुरू करा. बून ओम फ्रेंचांच्या बाजूने, त्याचा रंग पहिल्यापासून निराळा. 1946 मध्ये फ्रेंच परतले आणि भाऊ थायलंडला गेले. रंग बदलायचा तो 1949 ला: सुवन्ना मायदेशी परतला, सुफानुवोंग व्हिएत मिन्हकडे (हो चि मिन्हच्या व्हिएतनामी कम्युनिस्ट चळवळीकडे) वळला, फेट्सरत 1957 पर्यंत बाहेरच राहिला. आनंदवल्लीचे राघोबादादा डोक्यात ठेवून वाचणारा नाशिककर इथे फसतो. सुवन्ना आणि सुफानुवोंग गादीसाठी भांडत नव्हते. फ्रेंचांशी जुळवून घ्यायचं की हो चि मिन्हच्या साथीने लढायचं, हा वाद होता.

1960 ते 1962 तीन सेंटिमीटरांत मावत नाही. खाली वेगळी चौकट काढा. ऑगस्ट 1960 मध्ये कोंग ले या कॅप्टनचा उठाव, सुवन्ना पंतप्रधान, वर्ष संपता संपता राजधानी व्हिएन्तियान हातचं जाऊन बून ओम पंतप्रधान. जून 1961 ला झुरिकमध्ये तिन्ही राजपुत्रांची बैठक, जून 1962 ला उजवे, डावे आणि तटस्थ अशा तीन गटांचं संयुक्त सरकार. त्यात सुवन्ना पंतप्रधान. सुफानुवोंग आणि जनरल फूमी नोसावान उपपंतप्रधान. बून ओम मंत्रिमंडळात नव्हताच, त्यामुळे ‘तिन्ही राजपुत्रांचं सरकार’ असं लिहू नका. उजव्या गटाची खरी ताकद फूमीकडे होती आणि तो राजपुत्र नव्हता. त्याचं नाव चौकटीत ठळक हवं. लाओसमधल्या युद्धबंदीवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, तेही कोपऱ्यात टिपा.

उजवीकडची कोरी जागा डिसेंबर 1975 नंतरसाठी. राजेशाही गेली, सुफानुवोंग राष्ट्राध्यक्ष झाला, सुवन्ना नव्या सरकारचा सल्लागार म्हणून 1984 पर्यंत देशातच राहिला. सुफानुवोंगची पट्टी इथे फिकट रंगवा: सत्तेची सूत्रं कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस कायसोन फोमविहान याच्याकडे होती.